बुंध्याची खूण

आमच्या घरात मार कोणाला चुकला नाही. बैलांना, बायकोला, पोरांना, एकदा तर जंगलखात्याच्या नाकेदाराला. बाबांचा हात उठला की समोर कोण आहे हे त्या हाताला कळत नसे. लाकूड मापायचा शिसवी गज त्यांच्या हाताशी कायम असायचा. त्या गजाने लाकूड किती मापलं ते मला माहीत नाही, आमच्या पाठी मात्र रोज मापल्या. मायचा समोरचा दात त्या गजानेच गेला. तिचा गुन्हा काय, तर पेजेत मीठ जास्त पडलं. तिने दात पदराच्या टोकाला बांधला, पेजेत पाणी घातलं आणि पुन्हा वाढायला बसली. आता त्याच घराच्या दाराशी मठाची पाटी आहे, 'कृपया शांतता राखा.' पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आवरेना, आणि चपला सांभाळणारा माणूस माझ्याकडे रागाने पाहत राहिला.

मठ आता केवढा झाला आहे! मोठं देऊळ, भक्तनिवास, गोशाळा, पंगतीचा मंडप, मोटारी उभ्या करायला फरसबंद आवार. या सगळ्याच्या मधोमध आमचं घर, काचेच्या कपाटातल्या बाहुलीसारखं जपून ठेवलेलं. ते घर माझ्या बाबांनी आणि काकाजींनी बांधलं. बाबा सीताराम, थोरले. काकाजी गणपत, धाकटे. आम्ही जातीचे सुतार. चिचगडच्या बाजूचं जंगल आमच्या सांदवाडीपर्यंत आलेलं. नांगर, बैलबंड्या, मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, घरची दारं आणि पाळणे ही आमची कामं. मालगुजारी गेली तशी मोठ्या घरची कामंही आटली, आणि दोघा भावांच्या हाताला बसून राहवेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी घर काढलं. एकही खिळा नाही. सगळं कुसू तासून खोबणीत बसवलेलं. चौकटीवर कारल्याचा वेल, तुळयांच्या टोकांना राघू, आणि पुढच्या छपरीला, म्हणजे ओसरीला, चार खांब, खाली कमळ, वर राघूंची जोडी. तालुक्याचे साहेब लोक बंडी थांबवून पाहायला उतरत.

बाबा वाईट होते असं मी लिहिणार नाही. तापट होते, मारकुटे होते, आणि हाताने देव होते. त्यांचा राग फक्त एकाच माणसापुढे निवायचा, तो म्हणजे काकाजी. ओंडका चिरताना पाहावं त्या दोघांना. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवलेला, काकाजी वर उभे, बाबा खाली, मध्ये माणसाएवढी करवत. वरून खेचली की खालच्याने सोडायची, खालच्याने खेचली की वरच्याने. दिवसभर खर्र-खर्र, खर्र-खर्र. काकाजी वरून दंडारीच्या खेळातलं काहीबाही गुणगुणत, आणि भुसा डोळ्यांत गेला की बाबा खालून शिव्या हासडत. 'गण्या, तुह्या मायले! भुसा कायले पाडून राहिला माह्या डोयात?' काकाजी म्हणत, 'दादा, माय तं तुहीबी तेच आहे.' आणि बाबा हसत. घरात बाबांचं हसणं ऐकू यायचं ते फक्त करवतीखालून. माय चुलीपुढे बसल्याबसल्या ते ऐकून सुटकेचा श्वास टाकायची, कारण त्या दिवशी मार नसे.

आता सुतारकीतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. झाड जसं उभं असतं तसाच खांब उभा करायचा. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब म्हणजे झाड डोक्यावर उभं केलं. अशा घरात वंश टिकत नाही, असं आमच्याकडे मानतात. शिकल्यासवरल्या लोकांना हसू येतं, येऊ द्या. पण ओंडका चौकोनी तासला की बुंधा कुठला आणि शेंडा कुठला हे ओळखायचं कसं? म्हणून झाड पाडल्याबरोबर बुंध्याला गेरूचा टिळा लावतात आणि काम संपेपर्यंत तो उजळत राहतात. आमच्या घरात ती खूण काकाजींची. झाड पाडताना ते हजर असत, टिळा तेच लावत, आणि बाबा त्या टिळ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवत.

त्या चार खांबांची लाकडं पावसाळाभर छपराखाली वाळत पडली होती. मी नऊ वर्षांची. झडीचं पाणी आत येऊन टिळे पुसट झाले, तेव्हा काकाजींनी गेरू कालवून वाटी माझ्या हातात दिली. 'देवका, जुना टिळा पाहून त्याच्यावरच लाव. नाई दिसला तं मले हाक मार.' मला कोण आनंद झाला! आमच्यात पोरींनी हत्याराला हात लावायचा नाही, पण गेरू काही हत्यार नव्हे. पहिली तीन लाकडं मी जीभ बाहेर काढून मन लावून रंगवली. चौथ्यावर टिळाच नव्हता. दोन्ही टोकं सारखीच ओली, सारखीच तपकिरी. मी हाक मारणारच होते, तेवढ्यात काकींच्या चुलीवरून बोडीतले, म्हणजे तळ्यातले, झिंगे भाजल्याचा वास आला. सकाळपासून पोटात नुसती पेज. बोलवायला जावं तर काकाजी नदीवर, परत येईतो नामदेव सगळे झिंगे खाऊन बसणार. नामदेव म्हणजे काकाजींचा थोरला, पाच वर्षांचा आणि भलता खादाड. मी हाताशी जे टोक होतं त्याला टिळा लावला आणि पळाले. संध्याकाळी काकाजींनी विचारलं, 'चारी पाहून लावले ना वं?' मी म्हटलं, 'हो.' झिंगे फार चवदार झाले होते, ती चव अजून आठवते याचीच मला लाज वाटते.

त्या टिळ्याच्या बाजूला बाबांनी कमळ कोरलं. लाकूड सुतासारखं सरळ, कुठे गाठ नाही, डोळा नाही, म्हणून त्यांनाही काही दिसलं नाही. खांब उभे राहिले. उजवीकडचे दोन काकाजींच्या खोल्यांपुढे, डावीकडचे दोन आमच्या. माझा चौथा खांब अगदी आमच्या दाराशी आला. त्यानंतर मायला मुलगा झाला आणि सव्वा महिन्यात गेला. पुढच्या साली पुन्हा मुलगा झाला, तो बारशालाही टिकला नाही. दोन्ही वेळा बाबांनी मायला मारलं. बाळंतिणीला, ओल्या अंगाच्या बाईला मारलं. दुसऱ्या वेळी काकाजी मध्ये पडले तर त्यांच्या कपाळावर गज बसला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यांनी भावाला कव घालून धरून ठेवलं. आणि मी? मी तेव्हा खांबाचा विचारही केला नव्हता. पोरगी होते, गेरूचं कधीच विसरले होते.

मग ती खांडेनवमी आली. त्या दिवशी सुताराच्या घरी हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी करवत, रंधे, पटाश्या, वाकस सगळं धुऊन, तेल देऊन चकचकीत करायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. मग दिवसभर त्यांना कोणी हात लावायचा नाही. साधा खुंटा ठोकायचा नाही की भाजी चिरायला विळी घ्यायची नाही. माय आणि काकी कोचईची, म्हणजे अळूची, पानं हातानेच फाडून वड्या करत होत्या. पूजेला सोनबा मिस्त्री आले होते. बाबांनी आणि काकाजींनी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेलं. म्हाताऱ्याची नजर पार गेलेली, पण बोटं शाबूत. त्यांना घर पाहायचं होतं, म्हणजे चाचपायचं होतं. बाबा त्यांचा हात धरून एकेक खांब दाखवत होते आणि म्हातारा 'वा रे वा, पोट्टेहो' म्हणत कमळांवरून बोटं फिरवत होता. चौथ्या खांबाशी त्यांचा अंगठा थांबला. उन्हाळ्यांनी लाकूड तडकून आतला बारीक डोळा, म्हणजे फांदी फुटल्याची जागा, उघडा पडला होता, मुगाच्या दाण्याएवढा. त्या डोळ्याभोवती ते अंगठा फिरवत राहिले. मग सहज विचारावं तसं म्हणाले,

'सीताराम, हे फांदी खाली कायले जाऊन राहिली गा?'

फांदी खाली जात नसते. झाडाची फांदी वर जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी वाकून पाहिलं, नखाने खरवडलं, पुन्हा पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, 'चला, जेवाले बसा.' बाबा ओरडले असते तर मी ओळखीच्या भीतीने घाबरले असते. ही भीती ओळखीची नव्हती.

मी स्वयंपाकघरात मायला गाठलं आणि घडाघडा सांगून टाकलं. गेरू, चौथं लाकूड, झिंगे, सगळं. मायने बेसनाचा हात माझ्या तोंडावर दाबला, इतका जोरात की ओठ दातात शिरला. 'चूप! एक शब्द काढशील तं मीच तुही मान मुरगाळीन. दोन पोट्टे गेले माहे. तो तुले जित्ती ठेवणार नाई.' मी म्हटलं, 'मग काकाजीले मारतीन.' ती म्हणाली, 'ते भाऊ आहेत. त्यायचं ते पाहून घेतीन.' मायवर मी पुष्कळ वर्षं चिडले. आता नाही चिडत. एकच लेकरू उरलं होतं तिच्याजवळ, दुसऱ्याच्या नवऱ्याचा विचार ती कुठून करणार?

पंगत जेवली. लाखोळीची डाळ, भात, वड्या, खीर. बाबांनी पान स्वच्छ केलं, उठले, आणि हात न धुता पाटाकडे गेले. हळदकुंकू वाहिलेला वाकस त्यांनी उचलला. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडव्या पात्याचं तासायचं हत्यार. बाबांचा तर दाढी करावी इतका धारदार. पात्यावर झेंडूची पाकळी चिकटलेली होती. काकी ओरडल्या, 'भाऊजी, आज हत्यार नोका उचलू!' बाबा छपरीत आले. काकाजी ओट्यावर बसून नामदेवाचं तोंड पुसत होते.

'गण्या, खूण कोणाची?'

'माही, दादा.'

'मंग उलटा कसा झाला? माह्याच दारचा कसा झाला? तुहे दोन पोट्टे लोळून राहिले अंगणात, अन् माहे गाडले मी ह्या हातानं. बोल!'

'दादा, खूण मी बरोबर...' एवढं बोलून काकाजी थांबले. त्यांनी मान वळवून दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं. एकदाच. गेरूची वाटी माझ्या हातात त्यांनीच दिली होती. त्यांना सगळं कळलं, मला दिसलं की त्यांना कळलं. नुसतं बोट केलं असतं माझ्याकडे! त्यांनी नजर काढून घेतली आणि खाली पाहत बसले. बाबांना ते गप्प बसणं म्हणजे कबुली वाटली. वाकस वर गेला. काकाजींनी नामदेवाला ढकललं आणि उजवा हात आडवा धरला.

आवाज कसा आला ते सांगते. ओल्या लाकडावर पहिला घाव बसतो ना, तसा. बोटं ओट्याखाली पडली आणि रक्त उडून कमळावर गेलं. काकींची किंकाळी, नामदेवाचं रडणं, आणि सोनबा मिस्त्री आंधळ्या हातांनी हवेत चाचपत विचारताहेत, 'काय झालं गा? कोणाले लागलं? सांगा ना कोणी!' बाबांनी दुसरा घाव खांबावर घातला, तिसरा पुन्हा काकाजींच्या खांद्यावर. चौथ्यासाठी हात वर गेला तेव्हा मी मला धरून ठेवलेल्या मायच्या हाताला चावले, सुटले आणि मध्ये जाऊन पडले. 'मी केलं! बाबा, मी केलं! टिळा मी लावला, काकाजींनं नाई! मले भूक लागली होती!'

बाबा माझ्याकडे वळले. ते डोळे मी विसरायचे तर मेल्यावर विसरीन. वाकसाचं पातं माझ्या डोक्यावर होतं, त्यावरचं कुंकू आणि रक्त वेगळं ओळखू येत नव्हतं. आणि मागून काकाजींचा आवाज आला, धापा टाकत, पण स्पष्ट.

'पोट्टी खोटी बोलते, दादा. मले वाचवून राहिली ते. म्या केलं. जाणून केलं. तुह्या घरात पोट्टा नोको होता मले.'

बाबांचा हात तसाच राहिला, मग खाली आला. ते काकाजींच्या तोंडावर थुंकले. 'निंग,' म्हणाले. 'माह्या डोयापुढून निंग.' काकींनी लुगडं फाडून हात बांधला, गावातल्या कोणीतरी बंडी जुंपली, आणि त्यांना देवरीच्या दवाखान्यात नेलं. काकी जाताना नवऱ्याच्या तोंडाकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्यांनी ते बोलणं ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं. त्या घरात मग काकाजींचं पाऊल पुन्हा पडलं नाही.

मी पुन्हा बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, केव्हाही. बोलले नाही. मायने चुलीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, पण शपथ हे निमित्त. खरं म्हणजे मी जिवंत होते आणि मला जिवंत राहायचं होतं. पुढे मास्तरीण झाले. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि घरी येऊन निवांत जेवले. लाज नावाची चीज असती तर हात जड झाला असता.

बाबांना नंतर मूल झालंच नाही. करवत भिंतीला टांगून राहिली, कारण तिला दुसरं टोक धरणारा नव्हता. काही वर्षांनी एक महाराज पावसात अडकून आमच्या छपरीत चातुर्मासाला राहिले. बाबा त्यांच्या पायाशी बसू लागले, मारणं थांबलं, बोलणंही थांबलं. शेवटी त्यांनी घरच महाराजांच्या पायावर घातलं. 'वंश नाई, देवाले तरी कामी येऊ दे,' म्हणाले. भाऊ दगाबाज होता हे मनात धरूनच ते गेले.

काकाजींना मी गोंदियात भेटले, मास्तरकीच्या शिक्षणासाठी गेले तेव्हा. ते मुर्रीच्या बाजूला राहत, आरा मशीनवर डाव्या हाताने फळ्या ओढत. माझ्यामागे मशीन किंचाळत होती. मी रडत रडत म्हटलं, 'काकाजी, मी आता तरी सांगते सगळ्यांना.' त्यांनी तो अर्धा पंजा माझ्या डोक्यावर ठेवला. 'खांब हलला तं नाई ना?' त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. 'मंग राहू दे. तू जेवली का?' त्यानंतर दोनच वर्षांत ते गेले.

मागच्या थंडीत मी नामदेवाला घेऊन मठात गेले. नामदेव आता म्हातारा, काठी टेकत चालणारा. तो यायला तयार नव्हता. 'माह्या बापानं ज्या घरात पाप केलं तिथं मी काय पाहू, ताई?' म्हणत होता. मी हट्टाने नेला. छपरीत भगव्या साडीतली एक सेविका भाविकांना घर दाखवत होती. चौथ्या खांबाशी येऊन तिने हात जोडले. 'ये देखिए,' ती नागपूरहून आलेल्या जोडप्याला सांगू लागली, आणि मग मराठीवर आली, 'हा खांब कारागिरानं जाणूनबुजून उलटा बसवला. माणसाच्या कामात एक तरी उणं असावं, पूर्ण फक्त देव आहे, म्हणून. केवढी नम्रता पाहा!' जोडप्यातल्या बाईने कमळाला डोकं टेकवलं. वाकसाचा घाव होता त्या खाचेत कोणीतरी कुंकू भरलं होतं. नामदेवाने मान खाली घातली. जाणून केलं. साठ-सत्तर वर्षांनी काकाजींचेच शब्द, आणि आता त्यांना हार घालून उभं केलेलं.

माझं डोकं फिरलं. 'बंद कर, बाई,' मी म्हटलं. 'कोणी जाणून नाही केलं. नम्रता नाही, पाप नाही, काही नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं चुकीच्या टोकाला गेरू लावला. तिला झिंगे खायचे होते. ती पोरगी मी. नामदेव, ऐकून राहिला ना? तुह्या बापानं काही केलं नाही. माझा जीव वाचवायला खोटं बोलला तो. हात दिला, घर दिलं, नाव दिलं, अन् मी घेतलं.'

सेविका कसनुसं हसली. नामदेवाने काठी वर उचलली. मी डोळे मिटले नाहीत. मार, मी मनात म्हणत होते, मार ना रे. तो मारेना. त्याने काठी खांबावर घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, राघूची चोच उडेपर्यंत. सेवक धावत आले, त्याला धरलं. 'माय माही मरेपर्यंत शिव्या देत राहिली त्याले,' तो एवढंच म्हणाला. 'त्याच्या चितेले हात नाई लावू देला तिनं मले.' मग त्यांच्या हातातून सुटून तो फाटकाकडे चालू लागला, मागे वळून न पाहता.

त्या घरात मार कोणाला चुकला नाही, असं मी सुरुवातीला लिहिलं. ते खरं नाही. जो मार माझा होता, तो मला चुकला.